आधी ओळख कुणी द्यायची

तुरुंगावरची परिषद तुरुंगात कधी भरत नाही. ती रिसॉर्टवर भरते. आमची भरली कासार आंबोलीला, आणि दारातच हातात कोकम सरबत आणि गळ्यात नावाचा बिल्ला. "आपल्याकडे आत येणाऱ्याची आधी अंगझडती आणि मग नंबर, इथं आधी सरबत आणि मग नाव, बाकी सगळं सारखंच की," असं मी हेमलता मॅडमना म्हटलं. त्या हसल्या नाहीत. त्या तशाही फारशा हसत नाहीत.

हेमलता मॅडम म्हणजे आमच्या कारागृहातल्या मानसशास्त्रज्ञ. मी ज्ञानदा, त्यांच्या हाताखाली समुपदेशक. मी मूळची लातूरची, त्यामुळे तोंडात जे येतं ते बाहेर पडतं. मॅडमचं उलट आहे. त्यांच्या तोंडातून वाक्य बाहेर येतं ते इस्त्री करूनच. पण बाई कामाची पक्की. बंदी रडला, ओरडला, शिव्या घातल्या तरी ह्यांचा चेहरा जागचा हलत नाही, आणि तरी सगळे बंदी त्यांच्याकडेच बोलायला येतात. मला अजून त्याचं गणित कळलेलं नाही.

परिषदेचं नाव इतकं लांबलचक होतं की मागच्या फलकावर ते तीन ओळींत बसवलं होतं. सुधारसेवा, गुन्हेगारी न्याय, मानसशास्त्र, समावेशकता, सगळं त्यात कोंबलेलं. आयोजक डॉक्टर शेखर दर पाच मिनिटांनी माईकवर येऊन "वेळेचं भान ठेवू या" असं सांगायचे आणि त्यातच वेळ खायचे. दीपप्रज्वलनाला वारं सुटलं. पाहुण्यांनी लावायचं, वाऱ्यानं विझवायचं, असं बराच वेळ चाललं. शेवटी दोन प्राध्यापिका पदर आडवा धरून उभ्या राहिल्या तेव्हा कुठं गुन्हेगारी न्यायाचा उजेड पडला.

मॅडमचं भाषण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. विषय कुशाबा. अर्थात कागदावर तो कुशाबा नव्हता, "श्री. क" होता. आमच्यात तशीच पद्धत आहे. माणसाचं नाव बदलायचं, गाव बदलायचं, धंदा बदलायचा आणि मग त्याच्याबद्दल बोलायचं. मॅडमनी त्याला शिंपी केला होता आणि थेट खानदेशात नेऊन ठेवला होता.

खरा कुशाबा इथलाच, ह्या डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यातला. चुलतभावानं सामाईक जमीन परस्पर प्लॉटिंगवाल्याला दिली, त्यावरून जुंपली, आणि ह्यानं त्याच्या डोक्यात पहार घातली. चुलतभाऊ जागीच गेला. कुशाबाला जन्मठेप झाली. पहिली काही वर्षं तो कुणाशी बोलतच नव्हता. मग त्याला कारागृहाच्या दवाखान्यात कामाला घेतलं. म्हातारे बंदी, पक्षाघातानं पडलेले, ज्यांना कूस बदलून द्यायला कुणी नाही, त्यांची उस्तवारी हा करायला लागला. हागणं-मुतणं काढायचा, अंग पुसायचा, भरवायचा. आणि त्यातून माणूस हळूहळू परत माणसांत आला. मॅडमचा सगळा निबंध त्यावर होता. त्यांनी कुशाबाला समोर बसवून विचारलं होतं, "तुमच्याबद्दल परिषदेत सांगितलं तर चालेल का?" त्यानं सही केली होती. मग तो शिक्षा भोगून सुटला आणि आम्हाला पुन्हा कधी दिसला नाही.

दिसला तो ह्या रिसॉर्टच्या हिरवळीवर.

पहिल्या दिवशीच्या चहाच्या सुट्टीत आम्ही दोघी हॉलबाहेर उभ्या होतो. मागच्या बंगल्याकडून एक माणूस चाकाची खुर्ची ढकलत येत होता. खुर्चीत पांढऱ्या टोपीतले एक आजोबा, एका बाजूनं लुळे पडलेले. माणसानं मध्येच थांबून त्यांच्या तोंडाची लाळ रुमालानं टिपली, टोपी सारखी केली. ती टोपी सारखी करायची पद्धत बघूनच मी ओळखलं. अगं बाई, हा तर कुशाबा! अंगावर स्वच्छ सदरा, गालावर जरा मांस चढलेलं. इतका आनंद झाला मला की काय सांगू. आमच्या कामात माणूस सुटून जातो आणि मग आपल्याला त्याची खबर लागते ती एक तर तो परत आत आला म्हणून, नाहीतर वर गेला म्हणून. धडधाकट, कामाला लागलेला माणूस समोरून चालत येतोय हे मी पहिल्यांदा बघत होते.

मी हात वर करणार तेवढ्यात मॅडमनी माझं मनगट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या.

कुशाबानं आम्हाला पाहिलं. त्यानं खुर्ची वाटेच्या कडेला घेतली, उभा राहिला, नजर खाली घातली. मॅडमनी तोंड फिरवलं आणि चहाच्या टेबलाकडे चालू लागल्या. मला ओढूनच नेलं.

आता इथं आमच्या धंद्याचा नियम सांगायला हवा. ज्या माणसाशी आपण बंद खोलीत बोललो तो बाहेर कुठं भेटला, तर आपण होऊन ओळख द्यायची नाही. त्याच्यासोबत कोण आहे, त्यांना काय माहीत आहे, आपल्याला ठाऊक नसतं. तो बोलला तर आपण बोलायचं, तो नाही बोलला तर आपण अनोळखी. नियम चांगला आहे. मीच नव्या मुलींना शिकवते.

"बघितलंस ना, नजर चुकवली त्यानं," मॅडम म्हणाल्या. "इथं कुणाला माहीत नसणार. खुनाची शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या ताब्यात कोण आपला बाप देईल? आपण नुसतं 'काय कुशाबा' म्हटलं, तरी लोक विचारतील, ह्या बायका कुठल्या, तुला कशा ओळखतात? आपल्या गळ्यात बिल्ले आहेत, ज्ञानदा. त्यावर कारागृहाचं नाव आहे. तासाभरात त्याची नोकरी जाईल."

मी बिल्ला उलटा केला. मला पटलं होतं. म्हणजे डोक्याला पटलं होतं; मनाची चरफड चालूच होती. वाढप्याला सहज विचारावं तसं मी विचारलं, "ते खुर्चीतले आजोबा कोण हो?" तो म्हणाला, "आमचे मोठे मालक, हैबतराव. रिसॉर्ट निरंजनशेठचं, त्यांचा मुलगा. आन् ते कुशाबा. त्यांच्याबिगर म्हाताऱ्याचं पान हलत न्हाई." बरं वाटलं. म्हटलं, जपू या कुशाबाची जागा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

आणि आम्ही जपली हो, अगदी जिवापाड जपली. संध्याकाळी खुर्ची पुन्हा हिरवळीवर आली तेव्हा मॅडम हातातली बशी तशीच ठेवून आत गेल्या. त्यांना मिळालेली खोली बंगल्याच्या बाजूला होती, ती त्यांनी बदलून घेतली. कारण विचारलं तर "डास" म्हणाल्या. रिसेप्शनवरचं पोरगं म्हणालं, "डास तर सगळीकडंच हायेत मॅडम." पण खोली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचं भाषण. हॉल भरलेला. त्या व्यासपीठावर चढल्या, चष्मा लावला आणि समोर बघून थबकल्या. मी मागं वळून बघितलं. हॉलच्या मागच्या दारात हैबतरावांची खुर्ची, खुर्चीमागं कुशाबा, आणि त्याच्या शेजारी सोन्याची चेन घातलेला एक तरणाबांड गृहस्थ, हाताची घडी घालून उभा. निरंजनशेठ तोच, हे सांगायला कुणी नको होतं. कुशाबानं केस चप्प बसवले होते. सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं.

मला घाम फुटला. शिंपी करा, नाहीतर खानदेशात न्या, लुळ्या म्हाताऱ्यांची उस्तवारी करणारा कैदी म्हटल्यावर त्या दारातल्या शेठला समोरची खुर्ची दिसणार नव्हती का? तो भाग मॅडमना बदलता आला नव्हता, कारण निबंधच त्यावर होता.

मॅडमनी कागद मिटला. डॉक्टर शेखरांकडे न बघता त्या म्हणाल्या, "मी विषयात थोडा बदल करते आहे." आणि कारागृहातल्या कर्मचाऱ्यांना येणारा थकवा ह्या विषयावर त्या बोलत सुटल्या. तयारी शून्य. तीच तीच वाक्यं फिरून फिरून. ह्या भाषणासाठी बाईनं वर्षभर रात्रीचा दिवस केला होता, ह्या निबंधावर त्यांना दिल्लीच्या समितीत घेणार अशी चर्चा होती. डॉक्टर शेखरांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. टाळ्या पडल्या त्या आपल्या सवयीनं पडल्या. मला मात्र बाईचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मी मागं बघितलं तर दार रिकामं होतं.

जेवणानंतर समारोप झाला. सहानुभूती ह्या विषयावरचं सत्र इतकं लांबलं की सूत्रसंचालकानं शेवटच्या वक्त्याच्या हातातून माईक काढून घेतला. मग सगळ्यांनी फलकासमोर फोटो काढले. आम्ही बॅगा घेऊन गाडीची वाट बघत उभ्या होतो तेव्हा निरंजनशेठ स्वतः आला.

"मॅडम, थँक्यू हां," तो हेमलता मॅडमना म्हणाला. "तुमी काय बोलला न्हाईत, पण आमचं काम झालं."

"कसलं काम?" मॅडमनी विचारलं.

"त्या कुशाबाचं हो. तुमच्याकडं होता न्हवं आत?"

आत कोण होतं, हे आम्ही बाहेर कबूल करत नाही.

"आमाला सगळं म्हाईत हाय," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी त्यानं सांगितलं, पहार घातली, माणूस मेला, शिक्षा भोगून आलोय, काम द्या. मी बागेत लावला. मग तात्यांना झटका आला तवा त्यानंच सगळं केलं, आमी नुसते बघत बसलो. पण माझी बहीण हाय हिंजवडीला, आयटीत. ती म्हणती, खुनी माणूस तात्यांपाशी एकटा? रोज फोनवर वाद. तेवढ्यात तुमची परिषद बुक झाली. पत्रिकेत ह्या मॅडमचं नाव बघून कुशाबा म्हणला, शेठ, आमच्या जेलातल्या मॅडम येनारेत, त्यांनी माझं सगळं बघितलंय, माझ्यावर बोलनार बी हायेत, सही घेतली हाय माझी. त्यांना इचारा. म्हणलं चला, मोकळं झालं. तुमी म्हणाल ते मी बहिणीला सांगणार होतो."

"मग विचारलं का नाहीत?" माझ्या तोंडून निघालंच.

"इचारायला ठेवलंच काय तुमी? ह्या मॅडमनी त्याला बघितलं आन् तोंड फिरवलं. चहा टाकून आत गेल्या. त्याच्या बाजूची खोली नको म्हणल्या. मी सगळं बघत होतो. मी त्याला म्हणलं बी, अरं जा की, बोल जाऊन. तर म्हणला, न्हाई शेठ, सायबाशी आपून पयलं बोलायचं नसतं, तसा नेम हाय, मॅडम बोलतील. सकाळी भाषणाला नटूनथटून आला. तुमी त्याच्याकडं बघितलं आन् विषयच बदलला. ज्या बाईनं त्याला आतून बाहेरून बघितला तीच एवढी भ्याली, मग आमी कुणाच्या जिवावर ठेवायचा? दुपारीच सांगितलं त्याला, जा म्हणून. सामान बांधतोय."

मला वाटलं जमीन दुभंगावी. अधिकारी दिसला की कडेला उभं राहायचं, नजर खाली, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हे आम्ही रोज बघतो! रोज गेटपासून बराकीपर्यंत चालताना शेकडो माणसं आमच्यापुढे तशीच उभी राहतात. आणि तोच माणूस हिरवळीवर तसाच उभा राहिला तर आम्ही दोघी शहाण्या म्हणतो, नजर चुकवली! तो आमच्या बोलण्याची वाट बघतोय, आम्ही त्याच्या. कप्पाळ आमचं.

मॅडमनी बॅग तिथंच खाली ठेवली. "कुठं आहेत ते?" एवढंच म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता बंगल्याकडे चालायला लागल्या, मागोमाग मी आणि निरंजनशेठ.

बंगल्यामागं नोकरांच्या खोल्या. कुशाबा ओट्यावर बसून गाठोड्याला गाठ मारत होता. बाजूला हैबतराव खुर्चीत. त्यांना बोलता येत नव्हतं. नुसता घशातून आवाज काढत होते आणि चांगल्या हातानं गाठोडं ओढायला बघत होते. कुशाबा त्यांचा हात हळूच बाजूला करत होता. आम्ही दिसल्याबरोबर उठला, भिंतीला टेकून उभा राहिला, नजर खाली.

"कुशाबा," मॅडम म्हणाल्या. "कसे आहात?"

"बरा हाय मॅडम," तो म्हणाला. मग नजर न उचलता, "तुमी बऱ्या हाव ना?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा हललेला बघितला. "मला वाटलं, इथं कुणाला माहीत नसेल," त्या म्हणाल्या. "म्हणून बोलले नाही. तुमचं काम जाईल म्हणून. चुकले मी."

कुशाबानं मान हलवली. त्याला किती कळलं देव जाणे.

"मी ह्यांना तुमच्याबद्दल सांगू का?" मॅडमनी विचारलं.

"सांगा की. त्याच्यासाठीच तर म्हणलं, मॅडम येऊ द्या."

मॅडम निरंजनशेठकडे वळल्या आणि त्यांनी सांगितलं. निबंधात होतं ते सगळं, पण साध्या मराठीत. आत पहिली वर्षं कशी गेली, कुठला म्हातारा ह्यांच्या मांडीवर गेला, कुठल्या बंद्यानं ह्यांना मारलं तरी ह्यांनी हात उचलला नाही. काय बोलल्या बाई! असलं भाषण त्या व्यासपीठावर झालं असतं तर डॉक्टर शेखरांनी फेटा बांधला असता. निरंजनशेठ मान डोलावत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी धोका न्हाई?"

"धोका अत्यंत कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

"ते कमी-जास्त मला नका सांगू मॅडम. मला बहिणीला उत्तर द्यायचंय. सरळ इचारतो, सरळ सांगा. तुमचे वडील हायेत?"

"आहेत."

"असेच पडून?"

"हो. अंथरुणावरच आहेत."

"मग त्यांच्यापाशी ठेवाल ह्याला? एकट्याला? घर बंद करून, तुमी कामावर गेल्यावर?"

मॅडम गप्प झाल्या.

मला ठाऊक होतं त्या काय करत होत्या. त्या खरं उत्तर शोधत होत्या. खोटं बोलणारी बाई नाही ती, कुणाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. त्यांनी मनात आपल्या वडलांची खोली आणली असणार, पलंग, औषधं, आणि कुशाबा. आणि पहारही आणली असणार. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला की हो, म्हणा की पटकन. हैबतरावांचा घशातला आवाजही थांबला होता. कुशाबानं मान वर केली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तो सरळ मॅडमच्या तोंडाकडे बघत होता.

"हो," मॅडम म्हणाल्या. "ठेवीन."

"मग झालं तर," निरंजनशेठ म्हणाला. त्यानं तिथल्या तिथं बहिणीला फोन लावला आणि बोलत बोलत पलीकडे गेला. "अगं डॉक्टरीणबाईच म्हणती, स्वतःच्या बापापाशी ठेवीन..." असं ऐकू येत राहिलं. हैबतरावांनी चांगल्या हातानं कुशाबाचा सदरा धरला होता, तो सोडायला तयार नव्हते. मी गाठोड्याची गाठ सोडायला घेतली, मला सुटेना, कुशाबानंच सोडली.

काम राहिलं. एवढंच तर हवं होतं. मला हलकं वाटत होतं, हसायला येत होतं. गाडी फाटकाशी उभी होती. कुशाबा मॅडमची बॅग उचलून आमच्याबरोबर आला. त्यानं ती डिकीत नीट आडवी ठेवली आणि मॅडमसाठी दार उघडलं. मॅडम आत बसल्या.

"मॅडम," तो म्हणाला. विचारल्याशिवाय बोलला. "लई येळ लागला तुमाला. 'हो' म्हणायला."

"मी नीट विचार करत होते, कुशाबा," मॅडम म्हणाल्या.

"व्हय," तो म्हणाला. "दिसलं मला ते."

त्यानं दार लावलं आणि बंगल्याकडे गेला, हैबतरावांची औषधाची वेळ झाली होती.